जुनं झालंय ते नेमकं काय?

ओळखीच्या एका प्रकाशकांना १९९९ साली छापलेल्या कादंबरीची नवी आवृत्ती काढायची होती. लेखक हयात नाहीत, हस्तलिखित गहाळ. पण ज्यांनी जुळणी केली होती त्या ताईंकडे पेजमेकर ६.५ची फाइल शाबूत होती. मीही सोबत गेलो. ताईंनी कोपऱ्यातल्या मशीनवरचं जुन्या साडीचं कव्हर काढलं आणि बटण दाबलं. पंखा घुरघुरला, पडद्यावर घड्याळ चुकल्याची तक्रार उमटली, ताईंनी सवयीनं एफ-वन दाबलं आणि यथावकाश विंडोज ९८ उघडली. मागच्या बाजूला पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टला एक राखाडी ठोकळा खोचलेला होता. तो फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली. मी वाकून बघायला लागलो तशा ताई म्हणाल्या, "त्याला धक्का लावू नका सर. तो हलला की अक्षरं जातात."

प्रकाशकांनी विचारलं, "ताई, नवं मशीन का घेत नाही?"

"घेतलंय की. हे पलीकडचं नवंच आहे. पण हे तिकडे उघडत नाही."

संगणक जुना झाला असं आपण एका दमात म्हणून टाकतो, पण त्या कव्हराखाली निदान पाच गोष्टींचं वय होत असतं: यंत्र, त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम, कामाचा प्रोग्रॅम, त्यातली फाइल आणि बाहेरच्या जगाशी असलेली जोडणी. पाचही एकाच वेगानं म्हातारी होत नाहीत. ताईंचं यंत्र पंचवीस वर्षांनीही सुरू होतं. जोडणी कधीच संपली होती. फाइल धडधाकट, पण तिची अक्षरं एका ठोकळ्याच्या आधारावर. मशीन बदलायचं की चालवायचं हे दुकानदाराला विचारण्याआधी या पाचांपैकी थकलंय कोण, हे बघायला हवं. बहुतेक घरांत आणि कार्यालयांत पैसे खर्च होतात पहिल्या गोष्टीवर आणि दुखणं असतं दुसऱ्याच कुणाचं.

तारखा ठरतात कुठे?

विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१मध्ये आली. ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टनं तिचा पाठिंबा थांबवला. विंडोज ७ची पाळी १४ जानेवारी २०२०ला आली, विंडोज १०ची १४ ऑक्टोबर २०२५ला. या तारखेला मशीन बंद पडत नाही. सापडलेल्या भगदाडांवर कंपनीकडून येणारी ठिगळं तेवढी थांबतात. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदतवाढ ठेवलेली आहे. आपल्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडल्या तर ती फुकट, नाहीतर ३० डॉलर. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर यंत्रामागे ६१ डॉलर आहे, तो दर वर्षी दुप्पट होतो आणि तीन वर्षांनी ही सोयही संपते.

विंडोज ११ फुकट मिळते, पण तिला यंत्र पसंत पडावं लागतं. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी किरकोळ आहेत. अडतं ते टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयीवर आणि प्रोसेसरच्या पिढीवर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धानंतरचा हवा. त्यामुळे २०१६चा तगडा आय-सेव्हन दारातच अडतो आणि नंतर आलेला मरतुकडा सेलेरॉन आत जातो. इथे यंत्र थकलेलं नसतं, नियमानं निवृत्त केलेलं असतं. अशा निवृत्तीमुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेनं डिसेंबर २०२३मध्ये मांडला होता.

'रूफस'सारखी साधनं वापरून ही तपासणी चुकवता येते आणि पुष्कळ जण ती चुकवतात. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय २०२४च्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही ठरावीक आज्ञांची सोय सक्तीची झाल्यानं फार जुनी यंत्रं सुरूच होत नाहीत. घरी हौस म्हणून हे करायला हरकत नाही. पतसंस्थेच्या काउंटरवर करू नये. ॲपलची तऱ्हा निराळी, पण दिशा तीच. २०१९च्या 'कॅटालिना'त ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात बंद झाले आणि इंटेलच्या मॅकसाठी २०२५ची 'ताहो' ही शेवटची आवृत्ती असल्याचं कंपनीनं सांगून टाकलं.

जोडणी आधी तुटते

जुन्या मशीनवर पहिली तक्रार येते ती ब्राउझरची. एक्सपीवर क्रोम ४९व्या आवृत्तीला थांबलं, विंडोज ७वर १०९व्या आवृत्तीला. तिथून पुढे बँकेची, कर भरण्याची, सातबाऱ्याची संकेतस्थळं एकेक करून तोंड फिरवतात. यंत्र मंद आहे म्हणून नव्हे. दोघांमधली सांकेतिक बोली बदललेली असते. एक्सपीतलं इंटरनेट एक्सप्लोरर ८ आजच्या सुरक्षित जोडणीची भाषा बोलूच शकत नाही. ३० सप्टेंबर २०२१ला संकेतस्थळांची ओळख पटवणारं एक मोठं मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झालं, तेव्हा तोवर सुरळीत चालणारी कितीतरी जुनी यंत्रं एका दिवसात असंख्य संकेतस्थळांना मुकली.

पण दरवेळी दोष इतका खोल नसतो. माझ्याच जुन्या डेस्कटॉपवर एके दिवशी एकही संकेतस्थळ उघडेना. प्रत्येक ठिकाणी 'जोडणी सुरक्षित नाही' अशी पाटी. आता नवं घ्यायचं, असं मनाशी ठरलंही. मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. संगणकाच्या लेखी बरीच वर्षं मागची तारीख होती, आणि त्या तारखेला आजची प्रमाणपत्रं जन्मालाच आलेली नव्हती. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता. तो कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडेही मिळतो. सेल बदलला, तारीख लावली आणि ते मशीन पुढे आणखी काही वर्षं चाललं.

धोक्याचं काय? मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसनं ब्रिटनची रुग्णालयं वेठीला धरली, तेव्हा सगळा दोष एक्सपीच्या माथी मारला गेला. प्रत्यक्षात बाधित यंत्रांपैकी बहुतांश विंडोज ७ची होती. त्या काळी विंडोज ७ला पाठिंबा होता, आणि हा व्हायरस ज्या भगदाडातून शिरला त्याचं ठिगळ दोन महिने आधी, मार्चमध्येच आलेलं होतं. लोकांनी ते लावलं नव्हतं. म्हणजे 'नवं म्हणून निर्धास्त' हाही भ्रमच. उलट नेटची वायर काढलेलं, पेन ड्राइव्ह तपासूनच लावलं जाणारं जुनं मशीन पुष्कळ सुरक्षित असू शकतं. मात्र पाठिंबा संपलेल्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करू नयेत. यात तडजोड नाही.

सॉफ्टवेअर शोधायचं कुठे?

सगळ्यात आधी स्वतःच्या कपाटात. मदरबोर्डची, प्रिंटरची, स्कॅनरची सीडी आणि पाकिटावर छापलेला सीरियल नंबर हा जुन्या मशीनचा सातबारा असतो. सीडी अजून वाचली जात असेल तर आजच तिची इमेज फाइल करून दोन ठिकाणी ठेवावी. घरी राइट केलेल्या सीडी तर लवकरच दगा देतात.

दुसरा थांबा उत्पादकाचं संकेतस्थळ. मात्र तिथे फार काळ सगळं टिकेल या भरवशावर राहू नये. इंटेलनं २०१९मध्ये जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर आपल्या साइटवरून उतरवले. मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०२०मध्ये 'शा-१' या जुन्या पद्धतीनं सही केलेल्या फायली डाउनलोड केंद्रातून काढल्या, त्यात एक्सपीच्या काळातलं बरंच काही गेलं.

तिसरा थांबा इंटरनेट अर्काइव्ह. १९९६पासून चालणाऱ्या या संग्रहात जुन्या सीडींच्या इमेज, मॅन्युअल आणि बंद पडलेल्या कंपन्यांच्या साइटची जतन केलेली पानं सापडतात. ड्रायव्हर गायब झालेला असला तरी त्याच्या फाइलचं नेमकं नाव त्या पानांवर मिळतं आणि पुढचा शोध सोपा होतो. चौथा थांबा म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. इथे जुन्या आवृत्त्या लपवून ठेवायचं कुणाला कारणच नसतं. लिबरऑफिसच्या संग्रहात जुनी प्रत्येक आवृत्ती आहे, आणि एक्सपीवर चालणारी शेवटची मालिका ५.४. व्हीएलसीची तिसरी आवृत्ती एक्सपीवर चालते, आणि सेव्हन-झिप त्याहून जुन्या विंडोजवरही.

ड्रायव्हर शोधताना मशीनच्या मॉडेलपेक्षा भागाची ओळख अधिक उपयोगी पडते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या उद्गारचिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि हार्डवेअर आयडी असं गेलं की दोन चार-अंकी खुणा दिसतात. पहिली कंपनीची, दुसरी त्या भागाची. पहिल्या जागी ८०८६ दिसलं तर भाग इंटेलचा. १९७८च्या आपल्या गाजलेल्या चिपचा आकडाच कंपनीनं ओळख म्हणून घेतला आहे. या दोन खुणांवर शोध घेतला की असेंबल्ड मशीनचाही ड्रायव्हर बऱ्याचदा हाती लागतो.

या वाटेवर चोरही आहेत. एका पानावर हिरवी तीन 'डाउनलोड' बटणं असतील तर त्यांतली दोन बहुधा जाहिराती. 'तुमचे सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो' म्हणणारा प्रोग्रॅम टाकूच नये. क्रॅक केलेली सीडी 'टाकून देणारा' ओळखीचा माणूस भला असेलही, त्या सीडीत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. कायदाही लक्षात ठेवावा. 'मालकानं सोडून दिलेलं सॉफ्टवेअर' असा वर्ग कायद्यात नाही. कंपनी बंद पडली तरी हक्क कुणाकडे तरी असतातच. मात्र आपण रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत हानीपासून बचाव म्हणून काढून ठेवायची मुभा भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२मध्ये आहे. तिचा वापर सीडी मरण्याआधी करावा.

सॉफ्टवेअर सापडलं तरी नव्या मशीनवर ते बसेलच असं नाही. ६४ बिटची विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवत नाही. गंमत अशी, की नव्वदीतले कितीतरी प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचे, पण त्यांचं सेटअप १६ बिटचं. म्हणजे घरात राहायला अडचण नाही, उंबराच ओलांडता येत नाही. यावर उपाय व्हर्च्युअल मशीनचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या फुकट प्रोग्रॅमच्या खिडकीत अख्खी जुनी विंडोज चालवता येते, आणि डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमना डॉसबॉक्स पुरतो. यूएसबी डोंगल असेल तर तो खिडकीच्या आत ओळखला जाऊ शकतो. ताईंच्या ठोकळ्यासारखा पॅरलल पोर्टचा असेल तर बहुधा पाटी कोरी, कारण यूएसबीला पॅरलल करणाऱ्या बाजारातल्या वायरी प्रिंटरपुरत्याच असतात.

यंत्राचं आयुष्य वाढवणं

मशीन 'स्लो' झालं की दहा-बारा वर्षांपर्यंतच्या संगणकात पहिला संशय फिरत्या हार्ड डिस्कवर घ्यावा. तिच्या जागी एसएसडी टाकली की चहा होईपर्यंत सुरू न होणारा लॅपटॉप पाणी उकळायच्या आत उघडतो. इतका फरक दुसऱ्या कुठल्याही सुट्या भागानं पडत नाही. त्यानंतर रॅम. पण आधी विंडोज ३२ बिटची आहे का ते पाहावं. तसं असेल तर तिला ४ जीबीच्या पलीकडचं दिसत नाही आणि वाढवलेली रॅम वाया जाते. पंख्यातली धूळ आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट यांचा खर्च तर नगण्यच.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले असतील, लॅपटॉपची बॅटरी टम्म झाली असेल किंवा हार्ड डिस्क टकटक करत असेल, तर मात्र डागडुजीची वेळ टळलेली असते. आधी माहिती बाहेर काढायची, बाकीचं मागाहून.

लिनक्सची वाट

विंडोज ११ नाकारते त्या बहुतेक यंत्रांना लिनक्स आनंदानं घेतं. लिनक्स मिंट विंडोजची सवय असलेल्याला परकं वाटत नाही. अगदी अशक्त मशीनसाठी एमएक्स किंवा अँटिएक्स. सी-डॅकनं विकसित केलेली 'बॉस' ही प्रणालीही आहेच. गुगलची क्रोमओएस फ्लेक्स ४ जीबी रॅमच्या मशीनचं साधं क्रोमबुक करून टाकते. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून आतलं काही न पुसता यातल्या बहुतेकांची चव घेता येते. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्टचा कळफलक आतच असतो. मात्र इथेही दार हळूहळू लोटलं जातंय. 'डेबियन' या लिनक्सच्या ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीनं ३२ बिटच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं.

आजी-आजोबांचे व्हिडिओ कॉल, मुलांचा अभ्यास, पत्रं, ईमेल एवढ्यासाठी ही वाट उत्तम. पण टॅली विंडोजसाठीच बनतं, सरकारी कामांतली काही कोष्टकं एक्सेलच्या मॅक्रोवर चालतात आणि डिजिटल सहीच्या टोकनची लिनक्सवर कुरबुर होते. ज्या दुकानाचा हिशेब यावर चालतो त्यानं उत्साहाच्या भरात विंडोज पुसू नये.

मराठीचं खास दुखणं

आता ताईंच्या कोपऱ्याकडे परत. मराठी छपाईत सगळ्यात आधी म्हातारी झाली ती अक्षरांची नोंद. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि विंडोज २०००ला ती दाखवताही येऊ लागली. पण धंदा पेजमेकरवर चालायचा आणि पेजमेकरला ती उमगत नव्हती. इनडिझाइनलाही ती नीट पेलायला २०१२ची सीएस६ यावी लागली. मधल्या काळात श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांच्या फॉन्टांवर महाराष्ट्रातली पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सगळं निघालं. या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले, आणि प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं. फॉन्ट काढून घेतला की उरतो रोमन खिचडीचा ढीग. फाइल उघडते, मजकूर उघडत नाही.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण काम दिसतं तेवढं सरळ नाही. जुन्या फाइलमध्ये 'किती' हा शब्द डोळ्यांना दिसतो त्या क्रमानं असतो, म्हणजे आधी पहिली वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये बोलण्याचा क्रम चालतो, आधी क आणि मग वेलांटी. 'सूर्य'मध्ये रफार य-नंतर बसवलेला. युनिकोडला तो य-च्या आधी हवा. प्रोग्रॅम ही उलटापालट करतो आणि जोडाक्षरांच्या गर्दीत मधूनच चुकतो. साध्या मजकुरात फॉन्टची नोंद राहत नाही, म्हणून मधले इंग्रजी शब्दही देवनागरी समजून भरडले जातात.

ताईंच्या मशीनची हार्ड डिस्क काढून, आयडीई-यूएसबी जोडणी लावून नव्या संगणकाला जोडली. त्याआधी जुन्या मशीनवरच कादंबरीचं प्रत्येक प्रकरण साधा मजकूर म्हणून काढून घेतलं होतं. रूपांतर झालं आणि प्रूफं माझ्याकडे आली. लग्नघराच्या प्रसंगात यजमान 'आचार्यांना' ओरडत होते, बासुंदी लागली म्हणून. मूळ शब्द होता 'आचाऱ्यांना'. मराठीचा तो खास र प्रोग्रॅमनं रफारात ढकलला होता आणि स्वयंपाकी एकदम गुरुपदाला पोहोचला होता. शुद्धलेखन तपासणीला यात काही वावगं दिसेना, कारण दोन्ही शब्द शुद्धच. मग 'दऱ्या'चा 'दर्या' झालाय का, 'वाऱ्यावर'चं काय, असं एकेक शोधत गेलो. जुन्या छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहण्याला पर्याय सापडला नाही.

मग ठरवायचं कसं?

उतरंड उलटी लावावी. आधी फाइल, मग प्रोग्रॅम, मग ऑपरेटिंग सिस्टिम, यंत्र शेवटी. फाइल आजच्या आणि खुल्या स्वरूपात बाहेर आली की बाकी सगळ्याला पर्याय असतो. लिबरऑफिस ४.४पासून पेजमेकरच्या फायलीही उघडून पाहू शकतं. मांडणी हलते, पण मजकुराचा पत्ता लागतो. मग विचारायचं, की कामाचा प्रोग्रॅम नव्यावर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो का? चालत असेल तर जुन्यात जीव अडकवू नये. चालत नसेल आणि कामाला नेट लागत नसेल, तर वायर काढून जुनंच चालवावं, फक्त त्याच जातीची एक हार्ड डिस्क आणि सेल हाताशी ठेवावा. नेट लागतच असेल तर पाठिंबा असलेली सिस्टिम हवी, मग ती लिनक्स असो की विंडोज. एवढं करूनही यंत्र आडवं आलं, तेव्हा दुकानात जावं. जुनं यंत्र रद्दीवाल्याला देण्याआधी डिस्क पुसावी आणि ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावं. २०२२मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे.

'चालतंय ना, मग हात लावू नका' हा आपल्याकडचा आवडता सल्ला. यंत्रापुरता तो खराही आहे. पण चालत असतानाच आतली माहिती बाहेर काढता येते. बंद पडल्यावर हात लावून उपयोग नसतो.

कादंबरी निघाली. त्यानंतर ताईंनी उरलेल्या पुस्तकांच्या फायलीही एकेक करून सोडवायला घेतल्या. प्रत्येकीची मूळ प्रत, युनिकोड मजकूर आणि पीडीएफ अशा तीन नकला, दोन डिस्कांवर. परवा गेलो तेव्हा ते मशीन कोपऱ्यातच होतं, साडीच्या कव्हराखाली. केर काढणाऱ्या बाईंचा झाडू मागच्या ठोकळ्यावर आपटला. माझाच जीव दचकला. ताईंनी प्रूफातून मान वर केली नाही.